‘खरा काळा’ ठरवणार कोण?

१९७६ साली जॉन एमॉस या अभिनेत्याला त्याच्या गाजत असलेल्या मालिकेतून काढून टाकण्यात आलं. मालिका होती सीबीएस वाहिनीवरची ‘गुड टाइम्स’. शिकागोतल्या सरकारी गृहप्रकल्पात राहणाऱ्या एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबाची ती गोष्ट, आणि एमॉस तिच्यात बापाचं काम करत होता. हा बाप, जेम्स इव्हान्स, पडेल ते काम करायचा, एक काम सुटलं की दुसरं शोधायला बाहेर पडायचा आणि पोरांना धाकात ठेवायचा. चौथा सीझन सुरू झाला तेव्हा घरात बांधाबांध चाललेली दिसली. जेम्सला मिसिसिपीत काम मिळालंय, सगळे तिकडे निघालेत. तेवढ्यात तार येते. जेम्स मोटार अपघातात गेला.

पुढच्या भागातला एक प्रसंग अमेरिकन प्रेक्षक अजून विसरलेले नाहीत. अंत्यविधी उरकलाय, घर माणसांनी भरलंय. फ्लोरिडा, जेम्सची बायको, आल्यागेल्याची सरबराई करते आहे, हसते आहे, डोळ्यांतून टिपूस काढत नाही. आईला झालंय तरी काय, हे मुलांना उमगत नाही. मग माणसं पांगतात. ती सरबताचं काचेचं मोठं भांडं उचलते आणि सगळा जीव एकवटून जमिनीवर आदळते.

फ्लोरिडाचं काम करणाऱ्या एस्थर रोल यांच्या दृष्टीने या प्रसंगाला आणखी एक बाजू होती. मालिकेत बाप असावा हा आग्रह मुळात त्यांचाच. निर्मात्यांच्या डोक्यात एकटी आई आणि तिची मुलं एवढंच होतं. नवरा नसेल तर मी काम करणार नाही, असं रोल यांनी ठणकावलं, कारण काळे बाप मुलांना वाऱ्यावर सोडून जातात हा समज त्यांना आपल्या हातून पुढे न्यायचा नव्हता. बाप आला, दोन वर्षांत प्रेक्षकांचा लाडका झाला, आणि तिसऱ्या वर्षाअखेर त्याला मारून टाकलं गेलं.

कारण एमॉस भांडत होता. थोरल्या मुलाचं, जे.जे.चं, पात्र जिमी वॉकर हा स्टँडअप कॉमेडियन करायचा. हडकुळी उंच अंगकाठी, डोक्यावर चित्रविचित्र टोपी आणि डोळे विस्फारून म्हटलेलं ‘डायनोमाइट!’ यावर स्टुडिओत हशा पिकायचा, मग पुढच्या संहितेत ते आणखी वाढायचं. एमॉसचं म्हणणं साधं होतं. धाकट्याला सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश व्हायचंय, मुलीला सर्जन व्हायचंय, त्यांच्यातूनही विनोद निघेल की! पण लेखक बहुतेक गोरे, आणि काळ्या घरात असं कुणी बोलत नाही, असं वागत नाही, हे त्यांना दर आठवड्याला सांगणारा नट त्यांना डोईजड झाला. मालिकेच्या दोन जनकांपैकी एक, एरिक मॉन्टे, स्वतः शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन वस्तीत वाढलेला होता. तरी शेवटचा शब्द त्याचा नव्हता. पुढे रोलही १९७७ मध्ये बाहेर पडल्या आणि जे.जे.ला जरा जबाबदार माणूस करा, अशी अट घालूनच शेवटच्या सीझनला परतल्या.

एका टोपीवरून आणि एका शब्दावरून एवढं रामायण का, हे कळायला जवळजवळ पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

शिकागोच्या रेडिओवर १९२८ साली ‘एमॉस अँड अँडी’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला (जॉन एमॉसशी नावाचं साम्य हा निव्वळ योगायोग). दोन काळ्या मित्रांच्या फजितीच्या गोष्टी, आणि त्यांचे आवाज काढणारे फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल हे दोघेही गोरे. मोडकंतोडकं इंग्रजी आणि उलटेसुलटे शब्द यांवर सारा डोलारा उभा. लोकप्रियता इतकी की सिनेमागृहं खेळ थांबवून प्रेक्षकांना रेडिओ ऐकवत. १९५१ मध्ये सीबीएसने तो टीव्हीवर आणला. आता चेहरे दिसणार, म्हणून काळे नट घेतले. अँडीची भूमिका मिळालेले स्पेन्सर विल्यम्स हे काही नवखे नव्हते. त्यांनी १९४०च्या दशकात काळ्या प्रेक्षकांसाठी स्वतः चित्रपट दिग्दर्शित केले होते. गॉस्डेन सेटवर येऊन त्यांना शिकवू लागले की अँडी कसा बोलतो, कुठला शब्द कसा मोडायचा. विल्यम्स यांनी पुढे ‘एबनी’ मासिकाला सांगितलं की त्यांनी तसं बोलायला साफ नकार दिला. निग्रो माणूस कसा बोलतो हे मला ठाऊक असायला हवं, मी जन्मभर तोच आहे, असं ते गॉस्डेनना म्हणाले. त्यानंतर गॉस्डेन सेटवर फिरकले नाहीत.

हा किस्सा मला या साऱ्या इतिहासाची गुरुकिल्ली वाटतो. एक गोरा माणूस काळ्या माणसाला काळं कसं असायचं ते शिकवतो आहे, आणि ते त्याला वावगं वाटत नाही, कारण तेवीस वर्षं सगळ्या देशाने त्याच्याच आवाजाला खरा मानलंय. नक्कल इतकी मुरली की आता मूळ माणसालाच नकलेबरहुकूम वागावं लागणार!

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने मालिका सुरू होताच तिच्याविरुद्ध ठराव केला. काळा वकील दाखवला तर लबाड, काळा डॉक्टर दाखवला तर भोंदू, आणि पडद्यावर दुसरं काळं कुणी नसल्यामुळे गोऱ्या प्रेक्षकाला हेच सगळे काळे वाटणार, असा तिचा आक्षेप होता. सगळ्याच काळ्या प्रेक्षकांना तो पटला नाही. टिम मूर यांनी रंगवलेलं किंगफिशचं पात्र पाहून कित्येक घरांत लोक पोट धरून हसत होते, आणि एवढे काळे नट एका वेळी पडद्यावर पुन्हा कधी दिसतील, ही चिंताही खरी होती. ती खरीच ठरली. मालिका १९५३ मध्ये थांबली, तिचं पुनःप्रसारण १९६६ मध्ये बंद झालं, आणि मधल्या काळात नॅट किंग कोलसारख्या देशभर गाजणाऱ्या गायकाच्या एनबीसीवरच्या कार्यक्रमाला एकही राष्ट्रीय प्रायोजक मिळाला नाही. १९५७ च्या अखेरीस त्याने तो सोडून दिला.

मराठी वाचकाला हा झगडा परका वाटू नये. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी उभारलेल्या संघटनेने ‘दलित पँथर’ हे नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरूनच. आपलं जगणं आपण सांगू, ते कुणी आपल्या वतीने सांगायचं नाही, हा त्या पिढीचा आग्रह दोन्हीकडे सारख्याच तळमळीने मांडला गेला.

अमेरिकन टीव्हीने ‘एमॉस अँड अँडी’चा धडा घेतला, पण अर्धाच. पुढची मोठी मालिका १९६८ च्या सप्टेंबरात एनबीसीवर आली, ‘ज्युलिया’. डायहॅन कॅरल यांनी साकारलेली ज्युलिया नर्स आहे, तिचा नवरा व्हिएतनाममध्ये मारला गेलाय, ती लहानग्या कोरीला घेऊन लॉस एंजेलिसमधल्या छानशा फ्लॅटमध्ये राहते. नोकरीसाठी ती डॉक्टरांना फोन करते आणि आधीच सांगून टाकते की मी निग्रो आहे. डॉक्टर विचारतात, जन्मापासून आहात की हल्लीची फॅशन म्हणून? एवढ्या एका विनोदावर वर्णाचा विषय निकालात निघतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता, शंभरावर शहरांत वणवा पेटला होता. ज्युलियाच्या दाराशी त्याची धगही पोहोचत नाही.

मोलकरीण नसलेली, लाचार नसलेली, देखणी, शिकलेली काळी बाई दर आठवड्याला दिसणं ही मोठीच गोष्ट होती. मॅटेल कंपनीने तिची बाहुली काढली आणि हजारो मुलींना आपल्या रंगाची बाहुली मिळाली. तरीही टीकेची राळ उडाली, आणि टीकाकारांत खुद्द कॅरल होत्या. मालिका सुरू होऊन काही महिने झाले नाहीत तोच त्यांनी ‘टीव्ही गाइड’ला सांगितलं की आम्ही सध्या जो निग्रो दाखवतोय तो खरं तर गोराच आहे. पहिल्या यशाच्या भरात, करार हातात असताना एखादी नायिका असं बोलते, याला मोठं धैर्य लागतं. मालिकेचे कर्ते हॅल कँटर हे गोरे होते, ‘एमॉस अँड अँडी’च्या रेडिओ दिवसांत त्यांनी तिथे लेखन केलं होतं आणि आता ते मनापासून वेगळं काही करू पाहत होते. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण गोऱ्यांना न दुखावणारी काळी नायिका घडवताना तिचं माहेर, तिचा शेजार, तिच्या जातकुळीची माणसं, सगळंच पुसलं गेलं.

म्हणजे आधी व्यंगचित्र, मग त्यावर उतारा म्हणून आदर्श चित्र, आणि दोन्हीकडे काळा माणूस गोऱ्या प्रेक्षकाच्या सोयीने बेतलेला. एमॉस आणि रोल भांडत होते ते या दोन्ही गोष्टींशी. योगायोग असा की ‘गुड टाइम्स’ने हाकललेला एमॉस काही महिन्यांतच, जानेवारी १९७७ मध्ये, ‘रूट्स’ या गुलामगिरीवरच्या मालिकेत प्रौढ कुंटा किंटे म्हणून उभा राहिला. सलग आठ रात्री चाललेल्या त्या मालिकेचा शेवटचा भाग अमेरिकेतल्या टीव्ही असलेल्या निम्म्या घरांत पाहिला गेला.

१९८४ मध्ये ‘द कॉस्बी शो’ आला आणि अस्सलपणाचा वाद नव्याने पेटला. बाप प्रसूतितज्ज्ञ, आई वकील, ब्रुकलिनमध्ये टुमदार घर, पाच मुलं. लागोपाठ पाच वर्षं ही मालिका देशात पहिल्या क्रमांकावर होती. ‘असं काळं कुटुंब असतं का?’ हा प्रश्न तेव्हा गोऱ्या समीक्षकांनी विचारला तसा काही काळ्यांनीही विचारला. मला हा प्रश्नच अन्यायाचा वाटतो. काळे डॉक्टर होते, काळे वकील होते, त्यांची मुलं होती. हार्वर्डचे कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ ॲल्विन पूसाँ या मालिकेच्या संहिता वाचून सल्ला देत. भिंतींवर काळ्या चित्रकारांची चित्रं होती. मालिकेतला मुलगा थिओ, त्याच्या खोलीच्या दारावर वर्णद्वेषी राजवट हटवा, असा दक्षिण आफ्रिकेबद्दलचा फलक होता आणि वाहिनीने तो काढायला सांगितल्यावर मालिकेचे नायक बिल कॉस्बी अडून बसले. दारिद्र्य हाच काळेपणाचा दाखला मानणारा माणूस, तो कितीही सहानुभूतीने बोलत असला, तरी गॉस्डेनच्याच शाळेत शिकलेला असतो.

कॉस्बी शोची खरी अडचण दुसरीकडे होती, आणि ती १९९२ मध्ये सट जॅली आणि जस्टिन लुइस या अभ्यासकांनी दाखवली. त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये प्रेक्षकांचे गट बसवून त्यांच्याशी बोलून पाहिलं. मालिकेतलं हक्सटेबल कुटुंब आवडणाऱ्या अनेक गोऱ्या प्रेक्षकांचा निष्कर्ष असा की बघा, मनात आणलं तर काळेही वर येतात, मग बाकीचे मागे राहिले तो दोष त्यांचाच. जे कुटुंब अभिमानाने उभं केलं, तेच बाकीच्यांच्या विरोधात साक्षीला उभं केलं गेलं. मालिकेचा शेवटचा भाग ३० एप्रिल १९९२ रोजी दाखवला गेला. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मोटारचालकाला मारहाण करणारे पोलीस आदल्या दिवशीच निर्दोष सुटले होते आणि त्या संध्याकाळी लॉस एंजेलिस जळत होतं. खुद्द बिल कॉस्बी यांच्यावर पुढे अनेक स्त्रियांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. २०१८ मध्ये ते दोषी ठरले आणि २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रक्रियेच्या मुद्द्यावर तो निकाल रद्द केला. आज ती मालिका निर्मळ मनाने पाहणं कुणालाच सोपं राहिलेलं नाही.

तिच्यातूनच निघालेल्या ‘अ डिफरंट वर्ल्ड’ने मात्र दुसरी वाट दाखवली. काळ्यांच्या कॉलेजची ही गोष्ट पहिल्या वर्षी गुळमुळीत झाली. दुसऱ्या वर्षी सूत्रं डेबी ॲलन यांच्याकडे आली, त्या स्वतः हॉवर्ड विद्यापीठात शिकलेल्या. त्यांनी लेखकांना अटलांटाला नेलं, स्पेलमन आणि मोरहाउस या कॉलेजांत फिरवलं, विद्यार्थ्यांशी बोलायला बसवलं. मालिकेचा नूर पालटला. लॉस एंजेलिसच्या दंगलीवर या मालिकेने १९९२ मध्येच कथानक केलं.

आता कार्लटनकडे येऊ. ‘द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर’ (१९९० ते १९९६) भारतातही पुष्कळांनी पाहिली आहे, आणि अल्फोन्सो रिबेरोने रंगवलेला हा श्रीमंत वकिलाचा बुटका, इस्त्रीच्या स्वेटरमधला, टॉम जोन्सच्या गाण्यावर हात झुलवत नाचणारा मुलगा आठवला की चेहऱ्यावर हसू येतंच. फिलाडेल्फियाच्या गल्लीतून आलेला मावसभाऊ विल त्याची सतत थट्टा करतो, आणि थट्टेचं सार एकच: तू धड काळा नाहीस. काळ्या वस्त्यांत अशा मुलाला ‘ओरिओ’ म्हणतात, बाहेरून काळा आणि आतून पांढरा. शाळेत चांगले गुण पडले, नीट इंग्रजी बोललं की ‘ॲक्टिंग व्हाइट’चा शिक्का. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी त्याची गत.

पहिल्याच सीझनमध्ये वडिलांच्या भागीदाराची मर्सिडीज पाम स्प्रिंग्जला पोहोचवायला दोघं निघतात. रस्ता चुकतात, गाडी हळू चालवतात, पोलीस अडवतो. कार्लटन हसतमुखाने सहकार्य करू जातो. विल मुकाट हात वर करतो, कारण पुढे काय होणार हे त्याला माहीत आहे. दोघंही गाडीचोर म्हणून कोठडीत. घरी परतल्यावर कार्लटन पोलिसांची बाजू घेतो. चूक आपलीच, नकाशा बरोबर असता तर काही झालं नसतं. मग तो वडिलांना विचारतो, इतकी हळू चाललेली गाडी दिसली असती तर तुम्ही नसती थांबवली? वडील जिन्याकडे जाता जाता म्हणतात, मला पहिल्यांदा पोलिसांनी थांबवलं तेव्हा मीही स्वतःला हेच विचारलं होतं. कार्लटन एकटा उरतो. मी थांबवली असती, असं पुटपुटतो. हशा नाही, संगीत नाही. त्याचं इंग्रजी, त्याचा स्वेटर, त्याचा पत्ता, यातलं काहीही रस्त्यावर कामी आलं नाही.

तीन वर्षांनी, १९९३ मध्ये, तोच मुलगा एका काळ्या विद्यार्थी संघात प्रवेश मागतो. विलचं सहज जमतं. कार्लटन मन लावून सगळी हलकी कामं करतो, तरी संघाचा म्होरक्या त्याला ‘सेलआउट’, विकला गेलेला, म्हणून नाकारतो. या वेळी कार्लटन गप्प बसत नाही. काळा असणं हा माझा प्रयत्न नाही, मी तो आहेच, ज्या शर्यतीत तू धावतोस त्याच शर्यतीत मीही धावतोय, मग मला पाय घालून पाडतोस कशाला, अशा अर्थाचं तो बोलतो. घरी वडिलांना हे कळतं तेव्हा ते खचून विचारतात, आपण एकमेकांशी असं वागायचं कधी थांबवणार? पोलिसाच्या लेखी तो पुरेपूर काळा आणि आपल्यांच्या लेखी पुरेसा काळा नाही. विनोदी मालिकेने हा पेच इतक्या स्वच्छपणे मांडला, हे तिचं मोठेपण. ती लक्षात राहिली नाचासाठी, याची मला खंत वाटते. रिबेरोचे आईवडील त्रिनिदादचे. अमेरिकेतला काळा समाज एकाच साच्याचा नाही, याचा पुरावा त्या नटाच्या घरातच होता.

अस्सलपणा फक्त संवादांत नसतो, अंगावरही असतो. अमेरिकेत रंगीत छायाचित्रणाचा मापदंड दशकानुदशकं गोऱ्या बाईच्या चित्रावर बेतलेला होता, ‘शर्ली कार्ड’ म्हणत त्याला. सावळ्या चेहऱ्यांचे बारकावे त्यात बुडून जात. ‘इनसिक्युअर’ (२०१६ ते २०२१) या मालिकेत छायाचित्रकार एव्हा बर्कोफ्स्की यांनी काळ्या त्वचेवर प्रकाश थेट न मारता तो परावर्तित करून घेतला, आणि रात्रीच्या प्रसंगांतही चेहरे तुकतुकीत, जिवंत दिसले. त्याआधी २०१४ मध्ये ‘हाउ टू गेट अवे विथ मर्डर’मध्ये व्हायोला डेव्हिस आरशासमोर बसल्या, डोक्यावरचा विग उतरवला, पापण्या काढल्या, चेहरा पुसून काढला. आखूड केसांची, थकलेली, गडद रंगाची पन्नाशीकडे झुकलेली बाई, मुख्य वेळेत, मुख्य भूमिकेत. हा प्रसंग त्यांनी स्वतः मागून घेतला होता. पुढच्या वर्षी नाट्यमय मालिकेतल्या प्रमुख अभिनेत्रीचा एमी मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या.

‘ब्लॅक-इश’मध्ये (२०१४ ते २०२२) कार्लटनचा प्रश्न पुढच्या पिढीवर येतो. ड्रे जॉन्सन गरिबीतून वर आलाय, आता पोरगा हॉकी खेळतो, स्वतःला अँडी म्हणवतो आणि ज्यू मित्रांसारखा बार मिट्स्वाचा सोहळा हवा म्हणतो. बाप हवालदिल. केन्या बॅरिस यांची ही मालिका सर्वांत ताकदीची होते ती २०१६ च्या ‘होप’ नावाच्या भागात. जवळजवळ सगळा भाग एकाच दिवाणखान्यात. टीव्हीवर पोलिसी अत्याचाराच्या खटल्याची बातमी, आणि घरातलं प्रत्येक माणूस वेगळं बोलतंय. आजोबांना व्यवस्थेवर विश्वास नाही, आईला मुलांची आशा जपायची आहे. शेवटी ड्रे आठवण सांगतो: शपथविधीच्या दिवशी ओबामा गाडीतून उतरून चालू लागले तेव्हा आनंदाच्या जागी पोटात गोळा आला होता, कुणी त्यांना गोळी घालेल म्हणून. खोलीत एकच काळा माणूस असता तर हे सारं त्याच्या एकट्याच्या तोंडी घालावं लागलं असतं आणि तो पुन्हा ज्युलियासारखा प्रतिनिधी झाला असता. इथे सहा-सात जण आहेत, म्हणून कुणावरच समाजाचं ओझं नाही.

जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर, २०२० च्या उन्हाळ्यात, कार्टून मालिकांत काळ्या किंवा मिश्रवर्णीय पात्रांना आवाज देणारे गोरे कलाकार एकामागून एक बाजूला झाले. ‘बिग माउथ’मधून जेनी स्लेट, ‘सेंट्रल पार्क’मधल्या भूमिकेतून क्रिस्टन बेल, ‘फॅमिली गाय’मधून माइक हेन्री. ‘द सिम्पसन्स’मधल्या आपल्या अपूचा आवाज काढणारे हँक अझारिया त्याच वर्षी आधीच थांबले होते, आणि त्यामागे हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदकाराच्या माहितीपटाचा मोठा वाटा होता. गॉस्डेन-कॉरेलपासून इथवर यायला ९२ वर्षं लागली.

आवाज बदलणं त्यातल्या त्यात सोपं. संहिता कोण लिहितो आणि एमॉससारख्या नटाने ‘असं नसतं’ म्हटल्यावर कोण ऐकतो, हे ठरवणाऱ्या खुर्च्या हळू बदलतात. एबीसीने ‘ब्लॅक-इश’चा एक राजकीय भाग २०१८ मध्ये अडवून धरला, तो प्रेक्षकांना २०२० मध्ये पाहायला मिळाला. तोवर बॅरिस ते घर सोडून नेटफ्लिक्सकडे गेले होते. तेव्हा एखादी अमेरिकन मालिका संपली की श्रेयनामावली पुढे ढकलू नका. कथा कुणाची, लेखक कोण, निर्माता कोण, ती नावं थांबून वाचा.